यंत्रांचा चातुर्मास : साठविलेले पेट्रोल आणि ते टिकविणारी औषधे

आषाढी एकादशीस देव निजतात आणि कार्तिकी एकादशीस जागे होतात, अशी आपली श्रद्धा आहे. ह्या चार महिन्यांत लग्नमुंजी होत नाहीत, आणि म्हणून मंगल कार्यालयातील विजेचे जनित्रही बहुधा कोपऱ्यात उभे असते. शेतावर पाऊस पडत असल्यामुळे पाण्याच्या पंपास काम नसते. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास किंवा बंगळुरास गेला, की त्याची मोटारसायकल अंगणातील पत्र्याखाली झाकून ठेवलेली असते. माणसांप्रमाणे यंत्रांचाही हा एक चातुर्मासच होय.

पुढे तुळशीची लग्ने होतात, कार्यालयाच्या तारखा भरतात आणि ऐन मुहूर्तावर वीज जाते. जनित्राची दोरी दहा वेळा ओढली तरी ते चालू होत नाही. मेस्त्री येऊन कार्ब्युरेटर उघडतो, आत साचलेला तपकिरी चिकटा दाखवितो आणि म्हणतो, “पेट्रोल खराब झालं आहे.” पुष्कळांना ह्याचे नवल वाटते. पेट्रोल हे काय दूध आहे नासायला?

पेट्रोल नासते, आणि ते कसे नासते हे एकदा समजले की ते टिकविण्याचा उपायही निवडता येतो. बाजारात ‘फ्युएल स्टॅबिलायझर’ ह्या नावाने जी औषधे मिळतात, त्यांना आपण येथे ‘स्थिरक’ म्हणू. हे स्थिरक केव्हा घ्यावे, कोणते घ्यावे, आणि मुख्य म्हणजे केव्हा मुळीच घेऊ नये, एवढाच ह्या लेखाचा विषय आहे. संस्थेचे जनित्र, संस्थेची रुग्णवाहिका आणि सभासदांच्या घरची यंत्रे ह्या सर्वांना तो सारखाच लागू पडतो.

पेट्रोल का बिघडते?

पेट्रोल हा एकच पदार्थ नाही. शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असते. त्यातील काही घटक अतिशय हलके असून ते चटकन उडून जातात. थंड यंत्र पहिल्या झटक्यात पेट घेते ते ह्या हलक्या घटकांच्या बळावर. टाकीचे झाकण सैल असले, किंवा कार्ब्युरेटरच्या वाटीत थोडेसेच पेट्रोल उरले असले, की हे हलके घटक आधी उडतात व जड घटक मागे राहतात. असे पेट्रोल जळत नाही असे नव्हे, पण यंत्र चालू होण्यास फार त्रास देते.

दुसरा बिघाड हवेतील प्राणवायूमुळे होतो. डब्याच्या तळाशी राहिलेले गोडेतेल काही महिन्यांनी खवट होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पेट्रोलचेही जवळजवळ तसेच होते. त्यातील काही घटक प्राणवायूशी संयोग पावतात, त्यांतून पेरॉक्साइडे तयार होतात, आणि ती पुढे एकमेकांस जोडली जाऊन राळेसारखा चिकट पदार्थ बनतो. कार्ब्युरेटरमधील जेटची भोके सुईच्या टोकाएवढी बारीक असतात. तेथे ह्या राळेचा नुसता थर बसला तरी वाट बंद होते. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. दर १० अंशांच्या वाढीस वेग साधारण दुप्पट, हा रसायनशास्त्रातील ढोबळ नियम येथेही उपयोगी पडतो. तांब्या-पितळेचे भाग ह्या क्रियेस आणखी चेतना देतात.

तिसरा बिघाड पाण्यामुळे होतो, आणि आपल्याकडे तोच अधिक महत्त्वाचा ठरत आहे. उसाची मळी, उसाचा रस, तांदूळ, मका ह्यांपासून काढलेले इथेनॉल पेट्रोलात मिसळण्याचे धोरण आपल्या देशात गेली वीस वर्षे चालू आहे. २०२२ मध्ये हे प्रमाण सुमारे १० टक्क्यांवर पोहोचले, आणि २०२५ मध्ये ते २० टक्के झाले. बेळगाव-कोल्हापूरकडच्या आपल्या लोकांना ह्यात परके असे काही नाही. ज्या उसाचे पैसे आपल्या घरी येतात, त्याच उसाचा अर्क आपल्या गाडीच्या टाकीत जातो.

इथेनॉल हे स्वतः राळ बनवीत नाही. त्याचा स्वभाव मिठासारखा आहे, म्हणजे पावसाळ्यात ते हवेतील ओलावा ओढून घेते. थोडे पाणी असेपर्यंत ते पेट्रोलात विरघळलेले राहते. १० टक्के इथेनॉलाच्या पेट्रोलात साधारण थंड हवेत शेकडा अर्धा भाग पाणी मावते, म्हणजे १० लिटरांत सुमारे ५० मिलिलिटर. २० टक्क्यांच्या पेट्रोलात ह्याहून अधिक मावते. परंतु ही मर्यादा ओलांडली गेली, किंवा रात्री गारठा वाढल्याने ती मर्यादाच खाली आली, की इथेनॉल पेट्रोलाची संगत सोडून पाण्याबरोबर तळाशी जाऊन बसते. टाकीतून यंत्राकडे जाणारी नळी तळाजवळच असते. तेव्हा यंत्राच्या वाट्यास येते ते हेच पाणीमिश्रित मद्य. त्यावर यंत्र चालत नाही. पोलादी टाकीस गंज चढतो, आणि कार्ब्युरेटरच्या ॲल्युमिनियम व जस्ताच्या भागांवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागते.

पेट्रोल किती दिवस टिकते?

येथे एक गोष्ट सांगणे न्याय्य होईल. पंपावरून मिळणारे पेट्रोल अगदीच नाजूक नसते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस २७९६ ह्या मानकाप्रमाणे पेट्रोलाची एक कसोटी घेतात. ते १०० अंश सेल्सिअसच्या उष्णतेत, दाबाखालील प्राणवायूत ठेवतात, आणि तशा स्थितीत त्याने निदान ३६० मिनिटे तग धरावा लागतो. ह्यासाठी तेलशुद्धीकरण कारखान्यातच त्यात आवश्यक ती द्रव्ये घातलेली असतात. म्हणजे स्थिरकाचा एक डोस पेट्रोलास जन्मतःच मिळालेला असतो.

ढोबळ हिशेब असा की घट्ट झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवलेले पेट्रोल वर्षभरही चांगले राहू शकते. डबा एकदा उघडला, की २० अंशांच्या हवेत सहा महिने व ३० अंशांच्या हवेत तीन महिने धरावेत. कार्ब्युरेटरच्या वाटीतील चमचाभर पेट्रोलास मात्र एक-दोन महिनेही पुष्कळ होतात. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. जी गाडी महिन्यातून एकदा टाकी भरून घेते, तिला स्थिरकाची काहीच गरज नाही. आणि जे यंत्र चार महिने उभे राहणार, त्यातील सर्वांत आधी बिघडणारी जागा टाकी नसून कार्ब्युरेटर आहे.

स्थिरकात असते तरी काय?

चांगल्या स्थिरकात तीन प्रकारची द्रव्ये असतात. पहिले प्राणवायूस अटकाव करणारे. ते स्वतः आधी खर्ची पडते व पेट्रोलास वाचविते. वनस्पती तुपाच्या व तळलेल्या पदार्थांच्या पाकिटांवर जे खवटपणा रोखणारे द्रव्य लिहिलेले असते, त्याच कुळातील ही द्रव्ये होत. दुसरे, तांब्यासारख्या धातूंचा चेतना देण्याचा गुण बांधून ठेवणारे. तिसरे, धातूच्या पृष्ठभागावर पातळ थर धरून गंज रोखणारे. काहींत ह्यांखेरीज राळेचे डाग धुणारे द्रव्यही घातलेले असते.

ह्या वर्णनावरूनच स्थिरकाची मर्यादा कळून येईल. जे पेट्रोल अजून बिघडलेले नाही, त्याचा बिघाड ते लांबविते. बिघडलेले पेट्रोल ते सुधारीत नाही. लोणच्यास बुरशी आल्यावर वरून तेल ओतण्यात जसा अर्थ नाही, तसाच जुन्या पेट्रोलात स्थिरक ओतण्यातही नाही. त्याचप्रमाणे तळाशी जाऊन बसलेले पाणी व इथेनॉल पुन्हा पेट्रोलात मिसळून देणारे औषध कोणत्याही बाटलीत नसते. ‘जुने पेट्रोल नवे करा’ असे ज्या बाटलीवर छापलेले असेल, ती दुकानातच ठेवावी हे उत्तम.

हे औषध मूळचे थंड देशांतील गरजेतून आले. अमेरिकेत गवत कापण्याची यंत्रे व होड्या हिवाळाभर पडून राहतात, आणि बर्फ उडविण्याची यंत्रे उन्हाळाभर. त्यामुळे तेथे स्थिरकाची बाटली घरोघर असते. तेथील ‘स्टाबिल’ नावाच्या प्रसिद्ध औषधाचे उदाहरण घेऊ. त्याचे प्रमाण एक औंसास अडीच गॅलन, म्हणजे ३० मिलिलिटरांस सुमारे साडेनऊ लिटर असे आहे, आणि पेट्रोल २४ महिन्यांपर्यंत टिकेल असे त्यावर लिहिलेले असते. (हे केवळ उदाहरण आहे, शिफारस नव्हे.) असे महिने वाचताना आपण आपली हवा ध्यानात घ्यावी. तिकडे यंत्र थंडीत उभे असते. इकडे ते पावसाच्या दमटपणात, किंवा वैशाखात तापलेल्या पत्र्याखाली असते. वेष्टनावरील मुदतीच्या निम्मी मुदत आपली, असे समजून चालणारा माणूस सहसा फसत नाही.

निवड करताना विचारावयाचे प्रश्न

दुकानात जाण्यापूर्वी स्वतःस चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : इंधन कोणते? पेट्रोलाचे स्थिरक वेगळे व डिझेलचे वेगळे. पेट्रोलासाठी घेताना बाटलीवर ‘इथेनॉलमिश्रित पेट्रोलास चालेल’ असा स्पष्ट उल्लेख असावा, व गंजरोधक असल्याचेही लिहिलेले असावे. ‘ऑक्टेन वाढविणारे’ किंवा ‘इंजेक्टर साफ करणारे’ अशा बाटल्याही त्याच फळीवर मांडलेल्या असतात. त्यांचे काम निराळे आहे. पाणी शोषून घेणाऱ्या म्हणून ज्या औषधांत मद्यार्कच असतो, ती तर आपल्या पेट्रोलात घालूच नयेत. मद्यार्क त्यात आधीच पुष्कळ आहे.

दुसरा प्रश्न : यंत्र किती दिवस उभे राहणार? महिनाभर असेल तर काहीच करू नये. दोन ते सहा महिने असेल तर स्थिरक उपयोगी. ह्याहून अधिक असेल तर शक्य तेथे टाकी रिकामी करणेच बरे.

तिसरा प्रश्न : टाकी रिकामी करता येते काय? फवारणी पंप, गवत कापण्याचे यंत्र, लहान जनित्र, शेतावरचा लहान पेट्रोल पंप ह्यांच्या टाक्या एक ते पाच लिटरांच्या असतात. त्या रिकाम्या करून, उरलेले पेट्रोल नळीत व कार्ब्युरेटरमध्ये संपेपर्यंत यंत्र चालवावे, आणि वाटीच्या खालचा स्क्रू सैल करून शेवटचे थेंबही काढावेत. ह्यास एक पैसाही लागत नाही, आणि कोणत्याही औषधापेक्षा हा उपाय खात्रीचा आहे. टाकी पोलादी असेल तर ती आतून कोरडी झाली आहे हे पाहून झाकण घट्ट लावावे. ज्या यंत्रांत पेट्रोलाबरोबर तेल मिसळावे लागते, त्यांचे मिश्रण तर लागेल तेवढेच करावे, उरवून ठेवू नये.

मोटारीची किंवा नव्या मोटारसायकलीची गोष्ट निराळी. तिच्यात कार्ब्युरेटर नसून इंजेक्टर असतात, आणि टाकीतच विजेचा पंप बसविलेला असतो. तो पेट्रोलात बुडालेला राहिलेला बरा. अशा गाडीची टाकी ताज्या पेट्रोलाने जवळजवळ भरावी, म्हणजे आत दमट हवेस जागा उरत नाही. येथे स्थिरकाचा खरा उपयोग आहे.

चौथा प्रश्न : हे यंत्र अवेळी, क्षणात चालू व्हावयास हवे काय? संस्थेच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होय. रुग्णवाहिका आणि रात्री-अपरात्री लागणारे जनित्र ह्यांची टाकी रिकामी करून चालत नाही, आणि स्थिरक घालून ती विसरणेही चालत नाही. त्यांना वापर हेच औषध. दर पंधरवड्यास रुग्णवाहिका वीस-पंचवीस मिनिटे रस्त्यावर चालवावी. जनित्र महिन्यातून एकदा अर्धा तास, सभागृहाचे दिवे-पंखे त्यावर लावून, चालवावे. भार न लावता दोन मिनिटे घरघर करून बंद करणे हे न चालविण्याहूनही वाईट, कारण तेवढ्यात यंत्र तापत नाही व जळणातून निघणारे पाणी आतच राहते. दर तीन महिन्यांनी जुने पेट्रोल वापरून टाकून नवे भरावे.

स्थिरक घालण्याची रीत

स्थिरक घ्यावयाचे ठरले तर ते यंत्र उभे करण्याच्या दिवशी, ताज्या पेट्रोलात घालावे. चार महिन्यांनी आठवण होऊन घालू नये. आधी औषध व नंतर पेट्रोल असा क्रम ठेवला की ते आपोआप ढवळले जाते. लहान टाकीसाठी माप चमच्याने न घेता औषधाच्या सिरिंजने घ्यावे. तीन लिटरांच्या टाकीस वरील प्रमाणाने १० मिलिलिटरांहूनही कमी लागते. जास्त घातले म्हणजे जास्त टिकते असे नाही.

त्यानंतर पाच-दहा मिनिटे यंत्र चालवावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग औषधास दोष देतात. टाकीत औषध आहे, पण कार्ब्युरेटरमध्ये जुनेच पेट्रोल राहिले, तर बिघाड व्हावयाचा तेथे होतोच. यंत्र चालवून झाल्यावर पेट्रोलचा कॉक बंद करावा. बाटलीही अमर नसते. झाकण उघडल्यावर दोनएक वर्षांत ती संपवावी, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. एका घरी एक लहान टाकी असेल तर मोठी बाटली घेण्यात पैसे वायाच जातात. शेजारच्या चार घरांनी मिळून घेतल्यास ती कामी येते.

डिझेलविषयी थोडेसे

मोठ्या कार्यालयांची जनित्रे बहुधा डिझेलवर चालतात. डिझेलात इथेनॉल नसते व ते चटकन उडतही नाही, म्हणून ते सहा महिने ते वर्षभर टिकते. त्याचा शत्रू म्हणजे तळाशी साचणारे पाणी. पाणी व डिझेल ह्यांच्या सीमेवर एक प्रकारची बुरशी व सूक्ष्म जंतू वाढतात, त्यांची काळी बुळबुळीत साय बनते आणि ती फिल्टर बंद करते. गोव्यात व कारवारकडे १ जून ते ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. तेव्हा किनाऱ्यास लागलेल्या यांत्रिक होड्यांच्या टाक्यांतही हाच धोका असतो. उपाय सोपा आहे. टाकी भरलेली ठेवावी, तळाचा स्क्रू उघडून पाणी अधूनमधून काढून टाकावे, आणि साय दिसली तरच जंतुनाशक असलेले, डिझेलसाठीच बनविलेले औषध घ्यावे. पेट्रोलाचे स्थिरक येथे उपयोगाचे नाही.

सुरक्षितता आणि कायदा

पेट्रोल काढण्याचे काम उघड्यावर, दिवसाउजेडी करावे. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते, आणि शेजारच्या खोलीतील शेगडी किंवा देवघरातील निरांजनही तिला पुरते. पेट्रोलियम कायदा १९३४ प्रमाणे, विक्रीसाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय एकूण ३० लिटरांपर्यंतच ठेवता येते. त्याचे डबे घट्ट बुचाचे व धातूचे, २५ लिटरांपर्यंतचे असावेत. काचेची बाटली एक लिटराहून मोठी चालत नाही. शीतपेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत पेट्रोल ठेवण्याची सवय मोडलीच पाहिजे, कारण त्यात आगीबरोबर लहान मुलांच्या जिवाचाही धोका आहे.

जुन्या पेट्रोलाची परीक्षा काचेच्या लहान बाटलीत होते. ताजे पेट्रोल स्वच्छ दिसते व त्याचा वास परिचयाचा असतो. गडद रंग, व्हार्निशासारखा आंबूस वास किंवा तळाशी निराळा थर दिसला, तर ते यंत्रात घालू नये. ते गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये, आणि चूल पेटविण्यासही वापरू नये. गॅरेजवाल्याकडे द्यावे.

संस्थांनी काय करावे?

संस्थेत यंत्र सर्वांचे असते, म्हणजे पुष्कळदा ते कोणाचेच नसते. देणगीदार जनित्र देतो, त्याच्या नावाची पाटी लागते, टाळ्या होतात. त्यानंतर त्यातील पेट्रोल कोणी कधी बदलले, हे कोणास सांगता येत नाही. देणगीचे खरे चीज पाटीने होत नाही. ज्या रात्री आजारी माणसास हलवावयाचे असते किंवा मांडव अंधारात बुडालेला असतो, त्या रात्री यंत्र पहिल्या झटक्यात चालू झाले तरच ते होते.

ह्यासाठी फार खर्च नको. एका सभासदाकडे यंत्रांची जबाबदारी नावानिशी द्यावी. प्रत्येक यंत्राजवळ एक पुठ्ठा टांगावा व त्यावर तीन तारखा लिहाव्यात : पेट्रोल भरल्याची, स्थिरक घातल्याची किंवा टाकी रिकामी केल्याची, आणि यंत्र शेवटचे चालविल्याची. कार्यकारी मंडळाच्या मासिक सभेत हिशेबाबरोबर हा पुठ्ठाही वाचून दाखवावा. आषाढी जवळ आली की पाण्याच्या दिवसांपूर्वीच लहान यंत्रांच्या टाक्या रिकाम्या कराव्यात, आणि ज्या करता येत नाहीत त्यांत स्थिरक घालावे. तुळशीच्या लग्नाआधी आठवडाभर सर्व यंत्रे एकदा चालवून पाहावीत. एवढा नेम पाळला, तर बाटलीवर होणारा खर्च बहुतेक ठिकाणी वाचेल, आणि जेथे तो करावा लागेल तेथे तो सार्थकी लागेल.